भोगीच्या ताटासाठी दादरचा बाजार: काय घ्यावं, काय सोडावं

संक्रांतीच्या आदल्या दिवशीचं, म्हणजे भोगीचं ताट दिसायला साधं असतं. मिसळणीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, आणि दुसऱ्या दिवशी गुळपोळी. यातला एकही पदार्थ हाताबाहेरचा नाही. ताट बिघडतं ते खरेदीतच. शिळे सोलाणे म्हणजे हिरव्या हरभऱ्याचे सोललेले दाणे, विरी गेलेलं, म्हणजे चिकटपणा हरवलेलं पीठ, जून वालपापडी, चुकीचा गूळ, यांपैकी एक जरी पिशवीतून घरात आलं तर पुढे कितीही निगुतीनं रांधलं तरी सणाची चव येत नाही. शिवाय हा सण मुळात शेतात नुकतं तयार झालेलं खाण्याचा. तेव्हा दूरच्या शीतगृहातल्या भाज्यांनी ताट भरण्यापेक्षा आपल्या आसपास पिकलेलं आणून करावं. मुंबईत हे एका फेरीत जमवायचं तर दादर पश्चिमेसारखी जागा नाही. मात्र कुठल्या टोकाला, किती वाजता आणि कोणाकडून घ्यायचं हे ठाऊक हवं.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरल्यावर सेनापती बापट मार्गावर पहाटे घाऊक भाजी उतरते. नाशिक, पुण्याकडचा माल ट्रकनं येतो आणि उजाडायच्या आत त्यातला बराचसा किरकोळ विक्रेत्यांकडे जातो. घरच्यासाठी पाव-अर्धा किलो घेणाऱ्याचं तिथे फारसं काम नाही. कोणी पाच किलोच्या खाली तोलायला तयार नसतं, आणि ते बरोबरच आहे. आपण जायचं ते साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान, स्टेशनबाहेर आणि रानडे रोडच्या तोंडाशी पाट्या घेऊन बसणाऱ्या मावश्यांकडे. वसई, विरार, पालघरच्या बाजूनं पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून त्या माल आणतात. पाटीत जे असतं ते थोडं असतं, पण आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे खुडलेलं असतं. वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, शेवगा, मुळा, लहान वांगी, बोरं. दादरच्या बाजाराचा खरा जीव या पाट्यांत आहे आणि भोगीची भाजी तिथूनच व्हावी, हे आमचं ठाम मत.

या मावश्यांची जागा रोज तीच असेल असं धरून चालू नये. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयानं रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. तेव्हापासून महापालिकेची गाडी आली की पाट्या उचलल्या जातात आणि थोड्या वेळानं पुढच्या कोपऱ्यावर लागतात. सुटे पैसे हातात ठेवावेत, निवडून झालं की लगेच द्यावेत. आणि एक विनंती, वाट्याच्या भावावरून घासाघीस करू नये. पहाटे तीनला उठून आणलेल्या शेंगांवरचे दहा रुपये कमी करून आपल्याला काही मिळत नाही.

आता एकेक जिन्नस. वालपापडी घेताना शेंग बोटांनी मोडून बघावी. कटकन मोडली आणि धागा बारीक निघाला तर कोवळी. वाकली, पण मोडली नाही, तर ती जून किंवा शिळी. दाणे फुगून शेंगेवर उठलेले दिसत असतील तर ती सोलून नुसते दाणे घ्यायच्या लायकीची. ही गोष्ट वाईट नाही, कारण भाजीत दोन्ही लागतात. रायगडात याच दिवसांत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत ज्यांची पोपटी लावतात, त्या भरल्या दाण्याच्या वालाच्या शेंगाही दादरला येतात. पण त्यांची सालं चिवट असतात. चिरून भाजीत टाकल्या तर शेवटपर्यंत चावत राहतात, म्हणून त्यांचे फक्त दाणे घ्यावेत.

सोलाण्यांबाबत आम्ही फार कडक आहोत. हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या आणि सोललेले दाणे, दोन्ही मिळतात. सोललेले महाग वाटतात, पण सोलायला लागणारा वेळ आणि निघणारा दाणा पाहिला तर भाव रास्त असतो. प्रश्न ताजेपणाचा आहे. दाणा सोलल्यावर काही तासांत त्याला चिकटपणा यायला लागतो आणि तो लपवण्यासाठी वरून पाणी मारलं जातं. मूठभर दाणे हातात घेऊन बघावेत. बोटांना बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर सोडून द्यावेत. दाण्याचं टोक काळपट झालेलं असेल तरी नकोच. घरात सोलायला चार हात असतील तर जुडीच घ्यावी, पानं टवटवीत आणि घाटे फुगलेले बघून. घाटा दाबल्यावर पोकळ लागला तर आत दाणा बारीक असतो.

वांगी लहान, काटेरी, देठ हिरवा. आकाराच्या मानानं हलकं वांगं निवडावं, जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. साल सुरकुतलेली असेल तर ते दोन दिवसांचं. बोरं चार बाजूंनी फिरवून बघावीत. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं की आत अळी असतेच.

गाजर आणि मटार या दोघांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण भोगीच्या आठवड्यात ढिगांनी दिसतात ते हेच. लालभडक लांब गाजर आणि स्वस्त मटार हे बहुतेक उत्तरेकडून आलेले असतात. चवीला वाईट नाहीत. गाजर तर भाजीत लागतंच, सुगडातही लागतं. पण मटाराची इथे काही गरज नाही. त्याचा गोडवा वालाच्या किंचित कडसर चवीला झाकून टाकतो, आणि वाल-हरभरा शिजेपर्यंत त्याचं पीठ होतं. त्याऐवजी तुरीच्या शेंगा किंवा पावटा घ्यावा. तुरीचे ओले दाणे जानेवारीत भरपूर असतात, सोलायला सोपे असतात आणि भाजीला जो घट्टपणा देतात तो मटार कधी देत नाही. भुईमुगाच्या ओल्या शेंगा या दिवसांत मिळाल्या तर उत्तम. नाहीतर वाळलेले दाणे रात्रभर भिजवून घ्यावेत, फरक थोडाच पडतो.

भोगीच्या दोन दिवस आधीपासून बाजारात ‘भोगी मिक्स’ची तयार पाकिटं दिसू लागतात. चिरलेली वांगी, गाजर, पापडी, मटार, दाणे, सगळं एकत्र. हे पाकीट घेऊ नये. त्यात वांगी आधीच काळी पडलेली असतात आणि पापडीचे धागे काढलेले नसतात. मुख्य म्हणजे दहा मिनिटं लागणारं आणि पंचवीस मिनिटं लागणारं एकत्र पडलेलं असतं. वेगळं करत बसण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ताजी भाजी चिरून होते. नोकरीवरून संध्याकाळी उशिरा उतरणाऱ्यांना दुसरा इलाज नसेल, तर पाकीट घेऊन निदान वांगी तरी वेगळी आणावीत.

भाजीचं माप सहा माणसांसाठी असं. वांगी पाव किलो, वालपापडी १५० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम, सोलाणे १०० ग्रॅम, तूर किंवा पावट्याचे दाणे १०० ग्रॅम, ओले किंवा भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी, शेवग्याची एक शेंग, सहा-सात बोरं. कोणी उसाचे चार करवे, म्हणजे तुकडेही घालतात, त्यानं रसाला मंद गोडी येते. तीळ अर्धी वाटी, सुकं खोबरं पाव वाटी. दोन्ही वेगवेगळं भाजून कुटावं, कारण तीळ आधी तडतडतात आणि खोबरं मागाहून लाल होतं. एकत्र भाजलं तर एक कच्चं राहतं किंवा दुसरं जळतं. गोडा मसाला दोन चमचे, लाल तिखट दीड चमचा, चिंचेचा कोळ एक मोठा चमचा, लिंबाएवढा गूळ.

तीन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून आधी सगळे दाणे टाकावेत. दोन मिनिटं परतून दीड वाटी उकळतं पाणी ओतावं, वर ताटलीत पाणी ठेवून झाकावं. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. दाणा बोटांत चेपला गेला पाहिजे. मग गाजर, पापडी, शेवगा, आणखी सहा मिनिटं. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात ठेवलेली असतील, ती आणि बोरं आता. वांगी मऊ झाल्यावरच चिंच, गूळ, मसाला. चिंचेची घाई अनेक घरांत होते आणि मग दाणे कितीही शिजवले तरी कडकच राहतात. आंबट पाण्यात दाण्यांची सालं मऊ होत नाहीत, हे त्यामागचं कारण. तिळाचा कूट सगळ्यात शेवटी, पाच मिनिटं आधी. तो लवकर घातला तर तळाला धरतो आणि करपट वास साऱ्या भाजीला लागतो. पाणी पुन्हा लागलं तर गरमच घालावं. रस अंगाबरोबर असावा, भाकरीनं उचलता येईल इतका. लहान मुलांच्या वाटीतलं बोर आधीच काढून त्याची बी बाजूला करावी.

भाकरीसाठी दादरला तयार पिठाची पाकिटं सगळीकडे आहेत, आणि बाजारातली ही सगळ्यात फसवी खरेदी. बाजरीत स्निग्धांश इतर धान्यांपेक्षा जास्त, त्यामुळे दळल्यानंतर पीठ लवकर कडू पडतं आणि विरी जातं. अशा पिठाची भाकरी थापतानाच कडेनं फाटते, तव्यावर टाकताना तुटते. पाकिटावरची तारीख बघून काही कळत नाही. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवावं, कडवट लागलं तर परत ठेवावं. त्यापेक्षा बाजरी धान्यच घ्यावी. दाणा हिरवट-करडा आणि एकसारखा असावा, खडे आणि काळे दाणे नसावेत. गिरणीत बारीक दळून घ्यावी आणि आठवड्याभरात संपवावी. सवा किलोत बारा भाकऱ्या होतात, म्हणजे सहा माणसांना दोन-दोन.

बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून सगळं काम गरम पाण्यावर आणि मळण्यावर चालतं. एका भाकरीपुरतंच पीठ घ्यावं. त्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी थोडं थोडं घालत तळहातानं रगडून मळावं. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर आणखी मळायचं. थापून झाल्यावर वर तीळ पेरून हलकं दाबावेत. तीळ दाबले नाहीत तर तव्यावर गळून जळतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवावं आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटावी. पाणी सुकलं की पापुद्रा फाटतो आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजून मग थेट विस्तवावर.

लोणी सुटं पांढरं मिळतं. डेअरीत विचारून त्याच दिवशीचं घ्यावं. आंबूस वास येत असेल तर नको, ते तूप कढवायला ठीक, भाकरीवर नाही.

तांदळाच्या दुकानात ‘कोलम’ आणि ‘वाडा कोलम’ यांत फरक करावा. वाडा कोलम हा पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याचा, त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नुसत्या कोलम नावाखाली इतर राज्यांतला तांदूळही विकला जातो, आणि तोच वाडा म्हणून पुढे केला जाण्याचीही शक्यता असते. पोत्यावर काय छापलंय ते बघावं. खिचडीला या हंगामातला नवा तांदूळ चालतो, फक्त पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी कमी. नवा तांदूळ लवकर मऊ होतो.

गुळाच्या बाबतीत दादरचे किराणा दुकानदार जाणते आहेत, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि दादरला तो सहज मिळतो. पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसायला छान असतो. पण तो रंग बऱ्याचदा रस उकळताना घातलेल्या रसायनांमुळे आलेला असतो, आणि असा गूळ चाखल्यावर किंचित खारट लागतो. गडद तपकिरी, मऊ, खडे नसलेला घ्यावा. आणि काय करायचंय ते आधी सांगावं. तिळाच्या वड्या आणि कडक लाडवांना चिक्कीचा गूळ लागतो. गुळपोळीला तो अजिबात चालत नाही, कारण गार झाल्यावर दगडासारखा होतो आणि पोळी दाताला लागते. पोळीला साधा मऊ गूळ.

पंधरा पोळ्यांना गूळ अर्धा किलो, तीळ १०० ग्रॅम भाजून कुटलेले, बेसन १०० ग्रॅम, खसखस दोन चमचे, वेलची-जायफळ. बेसन पाव वाटी तेलात खमंग भाजावं, रंग बदामी होईपर्यंत. हे बेसन नुसतं चवीला नाही, ते गुळाला धरून ठेवतं. कमी घातलं तर तव्यावर गूळ वितळून बाहेर येतो. गूळ किसून यात मळून गोळा करावा आणि रात्रभर मुरू द्यावा. किसताना खडे राहिले तर लाटताना पारी फाटते, म्हणून किसणी बारीक भोकांची. पारीला तीन वाट्या कणीक, दोन चमचे बेसन, पाव वाटी कडकडीत तेलाचं मोहन, पीठ घट्ट. गुळाचा गोळा आणि पिठाची लाटी यांचा मऊपणा सारखा हवा, हे गुळपोळीतलं सगळ्यात महत्त्वाचं. गूळ कडक असेल तर तो मधेच राहतो आणि कडा कोरड्या होतात. पीठ कडक असेल तर गूळ कडेनं फुटून निघतो. दोन लाट्यांच्या मध्ये गुळाची चकती ठेवून कडा दाबाव्यात, तांदळाच्या पिठीवर लाटावं, गूळ पार कडेपर्यंत पोचू द्यावा. आच मंद. एखादी फुटलीच तर तवा लगेच ओल्या फडक्यानं पुसावा, नाहीतर पुढच्या सगळ्या पोळ्यांना काळे डाग पडतात. भाजलेल्या पोळ्या कागदावर पसरून पूर्ण गार कराव्यात. गरम असताना एकावर एक रचल्या तर वाफेनं मऊ पडून चिकटतात.

तीळ पॉलिश न केलेलेच घ्यावेत. रंगानं मळकट दिसतात, पण भाजल्यावर त्यांचा वास येतो तसा पांढऱ्याशुभ्र तिळांचा येत नाही. घरी निवडून, चाळून घ्यावे लागतात एवढंच. सुगडी रानडे रोडला भोगीच्या आधी ओळीनं मांडलेली असतात. उजेडात धरून तडा बघावा. वाणाचा तयार वाटाही मिळतो. त्यात उसाचे करवे आणि बोरं चांगली असतात, हरभरा मात्र बहुधा सुकलेला. वाटा घेतला तरी हरभरा वेगळा आणावा.

दादरची उणी बाजू गर्दी. १२ आणि १३ जानेवारीला सकाळी दहानंतर रानडे रोडवर पिशवी घेऊन वळणंही कठीण. वयस्कर माणसांना बसायला जागा नाही आणि वांगी पिशवीच्या तळाशी गेली तर घरी भरीतच होतं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पातळ पिशव्या मिळतीलच असं नाही, मिळाल्या तरी घेऊ नयेत. कापडी पिशव्या तीन न्याव्यात, एक जड वस्तूंना, एक शेंगांना, आणि एक लहान सोलाण्यांना, कारण ते दाबले की लगेच पाणी सोडतात. ऊस अख्खा घेऊन लोकलमध्ये चढू नये, विक्रेता तिथेच करवे करून देतो. ज्यांना ही गर्दी झेपत नाही त्यांनी पार्ल्याच्या पूर्वेचा बाजार किंवा ग्रँट रोडची भाजी गल्ली धरावी. भाज्या तिथेही चांगल्या असतात, भाव थोडा चढा. पण वसई-पालघरच्या पाट्यांतला माल दादरला जितक्या जणींकडे निवडता येतो, तितका तिथे नाही.

खरेदी एका दिवसात उरकायचा अट्टहास मात्र करू नये. गूळ, तीळ, तांदूळ, बाजरी आठवडाभर आधी, म्हणजे दळण आणि निवडटिपण निवांत होतं. पोळीचा गूळ भोगीच्या रात्री मळून ठेवायचा. वांगी, शेंगा, गाजर, बोरं भोगीच्या आदल्या सकाळी. शेंगा वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, वांगी बाहेरच, थंडीनं त्यांच्या बिया काळ्या पडतात. सोलाणे मात्र भोगीच्याच दिवशी सकाळी घ्यावेत. सातच्या आत स्टेशनबाहेर पोचलात तर दोन-तीन पाट्या बघून निवडायला मिळतं, नऊनंतर जे उरलंय ते.